झिप्र्याचं काय करायचं, मुनीर?

मुनीर,

तुला माती देऊन आलो त्याला आठवडासुद्धा झाला नाही आणि मी कामावर जायला लागलोय. मला रडू आलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. तू असतास तर म्हणाला असतास, "मल्ल्या, तुझ्या डोळ्याला पाण्याची लाईनच जोडली न्हाई का रं?" नसेल जोडली. कब्रस्तानात सगळ्यांनी मूठ मूठ माती दिली, तशी मीही दिली. मग हात पँटला पुसला, आणि पुसल्यावर वाटलं, असा पुसलेला चालतो का? कुणाला विचारावं ते कळेना. तुमच्यातलं काय चालतं आणि काय नाही, हे इतकी वर्षं मी तुलाच विचारत आलो. शेवटी हात अंगापासून जरा लांब धरून तसाच उभा राहिलो.

जमलेली माणसं तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होती. तुझ्या भावाच्या रेडिएटरच्या दुकानावर येणारे ड्रायव्हर होते, शिरूरमधले तुझे शाळेतले दोस्त होते, कंपनीतले आपले काही जण होते. तू किती हसरा होतास, कुणाच्याही मदतीला कसा धावायचास. सगळं खरं आहे. पण ऐकताना वाटत होतं, की हे दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. माझ्या ओळखीचा मुनीर हट्टी होता, खवट होता, आणि लहान पोरांच्या एका गेमवरून माझ्याशी वर्षानुवर्षं भांडत होता. त्या भांडणाबद्दल तिथं कुणी बोललं नाही. कुणाला माहीतच नव्हतं. दोन मिशीवाले बाप्ये असल्या गोष्टी गावभर सांगत फिरत नाहीत. म्हणून आता लिहितोय.

आपण एका खोलीत राहत होतो असं मी लोकांना सांगतो खरं, पण एकत्र असे कितीसे राहिलो? तू शिरूरचा, मी वरवंडचा. ठेकेदारानं दोघांना एकदमच कामाला घेतलं आणि सणसवाडीच्या खोलीमालकानं एकाच किल्लीवर ठेवलं. त्या पत्र्याच्या खोलीत खाट एकच होती आणि ती पुरली, कारण तू पाळीच्या एका ग्रुपला आणि मी दुसऱ्याला. मी पहिल्या पाळीला निघालो की तू तिसरी करून यायचास. पाळ्या बदलल्या तरी आपलं गणित काही जुळायचं नाही. भेट व्हायची ती दारात, एक जण बूट घालतोय आणि दुसरा काढतोय अशी. "डाळ हाय पातेल्यात." "पाणी आलं न्हाई." एवढंच बोलणं. तुझं आडनाव मला बरेच दिवस माहीत नव्हतं.

मग ते जपानी साहेब आले. कंपनीत नवीन मशीन बसवायला आले होते. जेवणाच्या सुट्टीत ते एकटेच एका कोपऱ्यात बसून हातातल्या छोट्या गेमवर खेळायचे. एवढा मोठा माणूस आणि हे काय, असं सगळ्यांना वाटायचं. तू मात्र सरळ जाऊन त्यांच्या शेजारी बसलास. त्यांची भाषा तुला येत नव्हती, तुझी त्यांना. ईद आली तेव्हा तू त्यांना मोटरसायकलवर मागं बसवून शिरूरला घरी घेऊन गेलास. अम्मीनं त्यांना शिरखुर्मा वाढला, त्यांनी दोनदा मागून घेतला, आणि मायदेशी परत जाताना तो गेम तुझ्या हातात ठेवला.

"द्येऊनच टाकला?" मी विचारलं.

"व्हय. शिरखुर्म्यात गेला," तू म्हणालास.

सगळा गेम जपानीत. आपण दोघांनी त्यातलं एक अक्षर शेवटपर्यंत वाचलं नाही. चित्रं बघायची आणि अंदाजानं चालवायचं. एक पोरगी गावातून निघते. वाटेत तिला जनावरं भेटतात, कसली ते देवाला माहीत, ती माणसाळवायची आणि त्यातली पाच सोबत घेऊन डोंगर चढायचा. माथ्यावर पांढऱ्या केसांचा एक माणूस बसलेला असतो. त्याला हरवलं की झालं असावं, असा आपला समज. पाचापेक्षा जास्त जनावरं झाली तर पायथ्याला लाल छपराचं एक घर आहे, तिथं एक म्हातारी असते, उरलेली तिच्याकडं ठेवायची. नावं वाचता येईनात म्हणून आपण आपलीच ठेवली. तुझा लाडका डंपर. रुंद, जाड कातडीचा, समोर येईल त्याला उडवायचा, पुणे-नगर रस्त्यावर शोभला असता. आणि माझा झिप्र्या. डोळ्यांवर केस आलेले, तीन पायांवर उड्या मारत चालणारा. त्याला एकच गोष्ट यायची. तो स्वतःभोवती गरागरा फिरायचा आणि बहुतेक वेळा स्वतःच चक्कर येऊन बसायचा.

गेम एकच, त्यामुळं तू जिथं सोडलास तिथून मी धरायचो आणि मी जिथं सोडला तिथून तू. खाटेसारखंच. ते गेमचं मशीन उशाशी पडलेलं असायचं. मला तुझी खबर त्यातूनच लागायची. दमून आला असलास तर पोरगी होती तिथंच उभी. खुशीत असलास तर डोंगराची अर्धी वाट संपलेली. एकदा तर ती एका तळ्याच्या काठावर नुसती थांबवून ठेवली होतीस, तिथं लढाई नाही, काही नाही. तुझ्या अब्बांची तब्येत बिघडल्याचं मला दुसऱ्या दिवशी मेसमध्ये कळलं.

आता म्हातारीचं सांगतो. तू हे इतक्या जणांना इतक्या वेळा सांगून माझी फजिती केलीस, की एकदा मी माझ्या तोंडानं सांगतो.

मी धनगराच्या घरातला. माझा जन्म झाला तोवर आमचं फिरणं थांबलं होतं, वरवंडला जमीन कसत होतो. पण दारात थोडी मेंढरं होती आणि माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, बोलण्यात तर मेंढरांशिवाय दुसरं काही नव्हतंच. आमच्याकडं जनावर दुसऱ्याच्या दारात सोडून आलं याचा अर्थ एकच. व्यापारी पाठीवरून हात फिरवून बघतो, घेऊन जातो, आणि ते परत आणायला कुणी जात नाही. त्यात त्या म्हातारीच्या हातात काहीतरी लांब, चमकणारं होतं. मला तो सुरा वाटला. दुसरं काही असेल असा विचारसुद्धा मनात आला नाही.

झिप्र्या म्हातारीकडं आहे हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बुटासकट खाली बसलो. आधी त्याला बाहेर काढलं, मग बूट काढले. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर तू परत ठेवलेला, त्याच्या जागी डंपर. मी परत काढला. तू परत ठेवलास. असं कितीतरी दिवस चाललं आणि त्याबद्दल आपण एकमेकांशी चकार शब्द बोललो नाही. मग एका सकाळी दारात तू विचारलंस.

"ते केसाळ जनावर तू सारखं कशाला काढतोस रं?"

"मग काय म्हातारीला कापू दिऊ?"

तू एका पायात बूट, एका पायात मोजा असा थांबलास. "काय करू दिऊ?"

"सुरा हाय तिच्या हातात. दिसत न्हाई का तुला?"

तू हसायला लागलास ते थांबेचनास. शेजारच्या खोलीतला बिहारी पोरगा बघायला आला, क्या हुआ, क्या हुआ म्हणून. तुला सांगताही येईना. भिंतीला धरून हसत होतास. कंपनीची बस निघून गेली आणि सुपरवायझरनं तुला त्यावरून झापलं. तिथंही तू हसलास म्हणे.

पुढं त्या गेमवरचं कार्टून टीव्हीवर लागलं, हिंदीतून. तो रविवार होता. आपण दोघं एका वेळी जागे असायचो असा तो एकच वार. मेसच्या मामांनी टीव्ही लावला आणि समोर आपलीच पोरगी. तोच डोंगर, तेच लाल छपराचं घर. तू जेवता जेवता उभा राहिलास.

"काय मर्दांनो, बातम्या लावू का?" मामांनी विचारलं.

"मामा, टीव्हीला हात लावायचा न्हाई," तू म्हणालास. सगळी मेस बघायला लागली. म्हातारी आली. ती पोरीची मावशी निघाली, आणि तिच्या हातात पळी होती. ती जनावरांना पेज वाढत होती. तू ताट बाजूला सारलंस आणि सगळ्यांना ओरडून सांगितलंस, "ह्यो आमचा मल्हारी तिला खाटीक म्हंत हुता!" त्या दिवसापासून मेसमध्ये माझं ताट आलं की कुणीतरी म्हणायचं, याला पेज वाढा.

"पटलं का आता?" परत येताना तू विचारलंस. "खाऊनपिऊन सुखात हाय ते तिकडं. ऱ्हाऊ दे."

"पटलं," मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी झिप्र्याला बाहेर काढलं.

तुला ते कळेना. मला तरी कुठं कळत होतं? आप्पा सांगायचे, फिरतीवर असताना वाटेत कोकरू जन्मलं आणि त्याला चालवेना, तर ते घोंगड्यात घालून खांद्यावर घ्यायचं. कळप थांबवायचा नाही आणि कोकरू सोडायचं नाही. मी स्वतः असा एकही दिवस चाललेलो नाही. पण ऐकून ऐकून ते अंगात बसलं असावं. तू गॅरेजवाल्यांच्या घरातला. जो पार्ट चालत नाही तो बदलायचा आणि गाडी रस्त्याला लावायची, यात तुला काही वाईट दिसत नव्हतं. "झिप्र्याला घिऊन तू माथ्यावर जितणार न्हाईस," तू म्हणायचास. "त्याला सोडून मी जाणार न्हाई," मी म्हणायचो. पांढऱ्या केसांच्या माणसाशी आपण कितीदा हरलो ते मोजलं नाही, पण दर वेळी पहिला झिप्र्या पडायचा, हे तुझं म्हणणं खरं होतं.

मग तुझा अंगठा गेला. रविवारच होता. तू मोटरसायकल स्टँडवर लावून, इंजिन चालू ठेवून, फडक्यानं चेन पुसत होतास. सगळेच तसं करतात. फडकं चेनमध्ये अडकलं आणि उजवा हात त्याच्याबरोबर आत गेला. अंगठा आणि शेजारचं बोट. मी तुला रिक्षानं शिक्रापूरला दवाखान्यात नेलं. हाताला गुंडाळलेला माझा शर्ट भिजत चालला होता आणि तू बाहेर ट्रकच्या मागं काय काय लिहिलंय ते वाचत होतास. ठेक्याची मुदत संपली तेव्हा तुला परत घेतलं नाही. तू शिरूरला गेलास, भावाच्या दुकानात बसायला लागलास. खोलीवर तुझ्या जागी दुसरा माणूस आला. तो माझ्याच पाळीचा होता, म्हणून मालकानं दुसरी खाट आणून टाकली.

मशीन तू बरोबर घेऊन गेलास, आणि मला वाटलं, संपलं. पण पुढच्या सुट्टीला मी शिरूरला आलो तेव्हा तू दुकानातल्या बाकावर ते गुडघ्यावर ठेवून बसला होतास. उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी बटण दाबायचा प्रयत्न चालला होता. माझ्याकडं न बघता म्हणालास, "बस हितं. ह्या बाजूची बटणं तू दाब."

तसे आपण खेळायला लागलो. मशीन मधे, तुझा डावा अंगठा पोरीला चालवायचा आणि उजवीकडची बटणं मी. तुझं ढोपर माझ्या ढोपराला टेकलेलं. भाऊ मागं रेडिएटर गळतो तिथं डाग देत असायचा. ड्रायव्हर चहा पीत उभे राहायचे. "दो आदमी और एक खिलौना," एक सरदारजी म्हणाला होता, आणि तू त्याला "चाय पियो और निकलो" म्हणून हाकललं होतंस. गंमत म्हणजे आपण आधीपेक्षा चांगलं खेळायला लागलो. तू कुठं वळणार ते मला आधीच कळायचं आणि मी कधी दाबणार ते तुला. एवढी वर्षं एका खोलीत राहून आपण एकत्र असे कधी बसलोच नव्हतो. तुझा अंगठा गेला म्हणून ते रविवार मिळाले, हे म्हणायला जीभ रेटत नाही. पण मिळाले. माझं लग्न झालं, सविताला घेऊन मी शिक्रापूरला खोली केली, तरी ते चालू राहिलं. वरवंडला गेलो असलो तर न्हावऱ्यावरून यायचो, शिक्रापुरात असलो तर हायवेनं. त्या बाकावर बसलो की मला बरं वाटायचं. हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगतो. फार बरं वाटायचं, मुनीर.

मशीन एक आठवडा माझ्याकडं, एक आठवडा तुझ्याकडं. तुला एकट्याला लढाई जमायची नाही, पण झिप्र्याला म्हातारीकडं पोचवायला बरोबर जमायचं. तेवढं काम तू कधी चुकवलं नाहीस. घरी आणून मशीन लावलं की सविता विचारायची, "काय, हाय का केसाळ?" मी म्हणायचो, "ठेवलाय त्यानं." ती म्हणायची, "मग काढा, आन् जेवायला बसा."

एकदा माथ्यावर आपण अगदी थोडक्यात हरलो. तू मशीन बाकावर ठेवलंस.

"मल्ल्या, तू झिप्र्याला कवा ईचारलंस का?"

"काय ईचारायचं?"

"त्याला यायचंय का म्हणून. दर टायमाला मार खातंय. तू औषध दिऊन उठवतोस, की परत मार खातंय. म्हातारीकडं गप पडून ऱ्हाईल की. तुला बरं वाटावं म्हणून कशाला त्याला डोंगर चढायला लावतोस?"

मी काय बोललो ते आठवत नाही. काहीतरी हसण्यावारी नेलं असणार. पण त्याच दिवशी मी तुझ्यासाठी बातमी आणली होती. पॅकिंगला माणूस हवा होता, बसून करायचं काम, सुपरवायझरशी मी बोलून ठेवलं होतं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "मला हितं बरं हाय."

"हितं काय हाय? भावाला नटबोल्टाचे पाने उचलून द्यायचे?"

"व्हय. पाने उचलून द्यायचे."

"जन्मभर?"

"तू जा आता," तू म्हणालास. "नसीम वाट बघत आसंल." घर तुझं, बायको तुझी, आणि जायला मला सांगत होतास. मी गेलो. त्यानंतर बरेच रविवार मी आलो नाही. तूही बोलावलं नाहीस. मशीन तुझ्याकडं होतं. मी सविताला सांगायचो की ओव्हरटाईम आहे, आणि सणसवाडीच्या जुन्या खोलीवर पंख्याखाली पडून राहायचो. मग एक दिवस तुझा फोन आला. "सेल संपल्यात. येताना पेन्सिल सेल आण." शिरूरमध्ये सेल मिळत नाहीत का, असं मी विचारलं नाही. घेऊन आलो. पॅकिंगचा विषय परत कुणी काढला नाही.

त्या दिवशी बाकावर तू झिप्र्याबद्दल बोलत होतास की तुझ्याबद्दल? मला तेव्हा एवढंच वाटलं होतं, की तुझं डोकं फिरलंय. नंतर न्हावऱ्याच्या रस्त्यानं जाताना कधी कधी मनात यायचं, की मी तुला ओढतोय का? तुला खरंच तिथं बरं होतं का? विचारू, विचारू म्हणत राहून गेलं. नसीम भाभींना असलं काही विचारता येत नाही. त्या बिचाऱ्या आल्यागेल्याला पाणी देण्यात आहेत.

तुझं आजारपण मी लिहीत नाही. आधी कावीळ म्हणाले, मग दुसरंच काही निघालं, पुण्याला नेलं, आणि पुण्याहून परत आणलं. परत आणलं हे भावानं फोनवर सांगितलं तेव्हा मी कंपनीत लाईनवर कामाला उभा होतो. बरं म्हटलं, आणि उरलेली पाळी पुरी केली. पार्ट नीट निघत होते. कसे निघत होते कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी दुपारी आलो. तू आतल्या खोलीत खाटेवर होतास. डोळे पिवळे, गालफडं बसलेली, मिशी तेवढी तीच. भाभींनी खुर्ची दिली. मी पिशवीतून मशीन काढलं, कारण दुसरं काय काढणार? फळं आणली होती ती तू खाणार नव्हतास.

"सेल हायत का?" तू विचारलंस.

"नवे टाकल्यात."

"झिप्र्या कुठं हाय?"

"म्हातारीकडं. मागच्या टायमाला तूच ठेवलास, मी आजून काढला न्हाई."

"काढ त्याला."

मी तुझ्याकडं बघितलं. तू डोळे मिटून घेतले होतेस.

"काढ म्हंतो ना. वर घिऊन जा त्याला. तुझंच बरोबर हाय."

मुनीर, तू माझं कधीच काही कबूल केलं नव्हतंस. भाजीत मीठ जास्त आहे हे नाही, पाऊस येणार हे नाही, शिक्रापूरच्या चौकात आपण चुकीच्या बाजूनं वळलो हे पोलिसानं थांबवल्यावरसुद्धा नाही. डॉक्टर काय म्हणाले ते भावानं सांगितलं होतं, रिपोर्ट मी हातात धरून बघितले होते, तरी माझा विश्वास बसला नव्हता. तो त्या वाक्याला बसला.

"आरं न्हाई," मी म्हटलं. "डंपरलाच न्येऊ. झिप्र्या काय कामाचा? तूच म्हंतोस ना."

"भांडू नगंस," तू म्हणालास, आणि भिंतीकडं तोंड केलंस.

भाभींनी चहा आणला. मी प्यालो. तुझ्या पायावरची चादर सरकली होती ती नीट केली. तुझा डावा हात बाहेर होता, त्याच्याजवळ मशीन ठेवलं, पण तू ते धरलं नाहीस. मग मी ते परत पिशवीत घातलं आणि शेवटच्या एसटीची वेळ नसतानाही उठलो. येतो म्हटलं. तू हुं म्हणालास. एवढंच झालं आपलं. एवढ्या वर्षांच्या भांडणानंतर मी जिंकलो, आणि मला ते नको होतं.

माती देऊन आल्यावर दोन दिवस मी मशीनला हात लावला नाही. मग तू सांगितलं होतंस म्हणून केलं. झिप्र्याला बाहेर काढलं, डंपरला म्हातारीकडं ठेवलं, आणि चढलो. पोरीला चालवायला वेळ लागला. डावीकडचं काम माझ्या हाताला राहिलेलं नव्हतं, ती सारखी कठड्याला जाऊन धडकत होती. सविता शेजारी बसून बघत होती. माथ्यावर पोचलो. झिप्र्या गरागरा फिरला, चक्कर येऊन बसला आणि पहिल्याच फटक्याला पडला. मग बाकीचे पडले. तू आधीपासून सांगत होतास तसंच झालं. तुझंच बरोबर होतं. हे मी मोठ्यानं म्हटलं आणि सविता उठून चहा टाकायला गेली.

आज पहाटे पहिल्या पाळीला निघताना मी झिप्र्याला म्हातारीकडं ठेवलं. स्वतःच्या हातानं, पहिल्यांदाच. त्याच्या जागी डंपरला घेतलं, मशीन बंद केलं, उशाशी ठेवलं आणि कामावर गेलो. तुझं म्हणणं मान्य केलंय, आता तू काय करायचं ते कर, असं काहीतरी डोक्यात होतं. दिवसभर पार्ट काढले. जेवणाच्या सुट्टीत दोघं-तिघं तुझ्याबद्दल बोलले, मी हो हो म्हटलं. दुपारी सुटल्यावर टपरीवर थांबलो नाही, थेट घरी आलो. सविता बाहेर गेली होती, दाराला कुलूप होतं. उघडून आत गेलो आणि बूट न काढताच मशीन लावलं.

झिप्र्या म्हातारीकडंच होता. कुणी काढला नव्हता.